पस्तीस न्यूटन

विज्ञानात मतदान नसते. सूर्य कोणाभोवती फिरतो हे हात वर करून ठरत नाही, आणि म्हणूनच माणसाच्या सगळ्या उद्योगांत विज्ञान तेवढे स्वच्छ राहिले आहे. हे वाक्य मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला सांगतो. मुले वहीत उतरवून घेतात. एका अपवादाचा उल्लेख मी टाळतो, कारण तो अभ्यासक्रमात नाही. एका लाकडी ठोकळ्यावर टेबलाचे घर्षण किती, यावर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फेब्रुवारी महिन्यात रीतसर मतदान झाले होते, आणि मी तिथे होतो.

ज्ञानवर्धिनी शिक्षण प्रसारक मंडळाची तेव्हा जिल्ह्यात पाच-सहा कनिष्ठ महाविद्यालये होती. सगळ्यांची बारावीची पूर्वपरीक्षा एकच असे, आणि पेपर तपासायला सगळे भौतिकशास्त्राचे शिक्षक आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमत. पाकिटे फोडण्याआधी नमुना उत्तरांवर चर्चा करायची पद्धत होती. चर्चा म्हणजे बिडवई सर उत्तर वाचत आणि बाकीचे त्यावर बरोबरची खूण करीत.

बिडवई सर आमचे विभागप्रमुख. निवृत्तीला आलेले, पांढरा सफारी, आवाज असा की रागावले तरी चौकशी केल्यासारखे वाटावे. त्या दिवशी त्यांनी वाचले, "प्रश्न चौथा. दहा किलोचा ठोकळा खरबरीत टेबलावर. त्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, खाली तीन किलोचं वजन टांगलेलं. घर्षणगुणांक शून्य पूर्णांक चार. जी दहा धरा. ठोकळा स्थिर आहे. दोरीतला ताण आणि ठोकळ्यावरचं घर्षणबल काढा. उत्तर, ताण तीस न्यूटन, एक गुण. घर्षण चाळीस, तीन गुण. पुढे."

"सर," मी म्हणालो, "चाळीस कसं?"

सरांनी चष्म्यावरून पाहिले. "ठोकळ्याचं वजन शंभर न्यूटन. गुणिले शून्य पूर्णांक चार. पाढे पाठ आहेत ना मुळजकर सर?"

"ते जास्तीत जास्त झालं सर. टेबल चाळीसपर्यंत अडवू शकतं. पण ओढणारं बल तीसच आहे, तर घर्षणही तीसच येणार. जेवढं ओढाल तेवढंच ते अडवतं."

"सूत्रात काय लिहिलंय?"

"सूत्र ठोकळा सुटायच्या क्षणाचं आहे सर. हा तर जागचा हललेला नाही. पुढे तीस आणि मागे चाळीस असेल, तर ठोकळा आपला आपण मागे चालायला लागेल. टांगलेलं वजन वर ओढून घेऊन."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. गोरठेकर मॅडम वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "तसं होत असेल तर बरंच की हो. लोडशेडिंगचा प्रश्न मिटला. प्रत्येक विहिरीवर एक खरबरीत टेबल ठेवा, वर ठोकळा. बादल्या आपोआप वर."

दोघेतिघे हसले. बिडवई सरही हसले, आणि त्यांचे हसणे पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

गोरठेकर मॅडमना हसायला हरकत नव्हती. त्या कायम होत्या. मी तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे तास घेतला तर शिक्षक, एरवी गावातला एक माणूस. माझ्याबरोबर दिगंबर काचगुंडेही तासिकेवरच होता. संस्थेत भौतिकशास्त्राची रिकामी कायम जागा एकच होती आणि तिची मुलाखत येत्या सोमवारी होती. मुलाखतीत विषयाचे तज्ज्ञ म्हणून बसणार होते बिडवई सर. हे सगळ्यांना माहीत होते. मला तर त्याखेरीज दुसरे काही माहीत नव्हते, कारण परतूरच्या वैजयंतीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितले होते, "मुलगा आम्हाला पसंत आहे. ऑर्डर हातात आली की मुहूर्त बघू." वैजयंती बी.एस्सी. होती. पाहायला गेलो तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या कॉलेजात प्रयोग खरेच करून घेतात का. मी हो म्हणालो होतो.

"पेपर कोणी काढलाय सर?" एका शाखेतल्या शिक्षकाने विचारले.

"तेच सांगणार होतो," बिडवई सर म्हणाले. "यंदाचा पेपर आपल्या अण्णासाहेबांच्या जावयांनी काढलाय. एम.एस्सी. आहेत. नमुना उत्तरं त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत."

अण्णासाहेब म्हणजे संस्थेचे सचिव. खुर्ची सरकवणाऱ्याने ती परत जागेवर घेतली. दोन शिक्षकांनी चाळीससमोर बरोबरची खूण केली आणि त्यातल्या एकाने ती गिरवून ठळक केली.

"सर, हाताला लागेल असा पुरावा देऊ का?" मी म्हणालो. "प्रयोग करून दाखवतो. कपाटात सामान आहे."

हे बोलण्याइतका मी तेव्हा तरुण होतो. काचगुंडेने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तो चांगला माणूस होता. प्रतिस्पर्ध्याने स्वतःचे वाटोळे करून घेऊ नये असे त्याला मनापासून वाटे, निदान त्याच्यासमोर तरी.

"करा," बिडवई सर म्हणाले. "प्रयोगशाळाच आहे."

कपाटाची किल्ली सापडायला वेळ लागला. आमच्याकडे प्रात्यक्षिकाचे गुण मुलाचा चेहरा पाहून देत, आणि त्यासाठी कपाट उघडावे लागत नसे. सामान वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. त्यातल्या एका पानावर निवडून आलेले म्हणून ज्यांचा फोटो होता ते दोनदा पक्ष बदलून पुन्हा पडले होते. कप्पीला गंज होता. ताणकाटा बरा निघाला.

मी ठोकळा टेबलावर ठेवला, त्यावर वजने चढवली. ठोकळ्याला ताणकाटा अडकवला, काट्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली पारड्याला. सगळे भोवती गोळा झाले. काचगुंडे आपणहून वजनांची पेटी घेऊन पुढे आला.

"पारडं रिकामं आहे," मी म्हणालो. "कोणी ओढत नाही. सूत्राप्रमाणे घर्षण आत्ताही पूर्ण असायला पाहिजे. तसं असतं तर ठोकळा मागच्या भिंतीवर जाऊन आपटला असता."

"गेला नाही बुवा," काचगुंडे म्हणाला.

"पन्नास ग्रॅम टाक."

त्याने टाकले. ठोकळा जागेवर. काटा पन्नासच्या जवळ आला.

"शंभर."

काटा शंभराकडे गेला. कप्पीला तेल नव्हते, थोडे इकडेतिकडे होत होते, पण आंधळ्यालाही कळावे इतके सरळ होते. वजन वाढले की काटा वाढे, ठोकळा हलत नसे. टेबल तेवढ्यास तेवढे अडवत होते, गुंजभर जास्त नाही.

"अगंबाई," गोरठेकर मॅडम खरोखर वाकून म्हणाल्या. "बावीस वर्षं शिकवतेय, आज पहिल्यांदा बघितलं."

तेवढ्यात दारात अण्णासाहेब उभे. खांद्यावर उपरणे, हातात पानाचा डबा. सगळे उभे राहिले. टेबलाला धक्का बसला, पण ठोकळा हलला नाही.

"काय चाललंय गुरुजनहो?"

"प्रयोग, अण्णासाहेब," बिडवई सर म्हणाले.

"लेकरांची परीक्षा झाली ना? मग आता प्रयोग कशाला?"

अण्णासाहेब जवळ आले. त्यांनी पारड्याकडे, दोरीकडे, ठोकळ्याकडे अशा क्रमाने पाहिले, जसे ते बांधकामाकडे पाहत.

"हलतंय का हे?"

"नाही अण्णासाहेब. स्थिर आहे."

"मग झालं तर. संस्थेतही मला एवढंच पाहिजे असतं." त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडे वळले. "मुळजकर ना तुम्ही? सोमवारी आहे तुमचं. या, या. जरा लवकर या, फॅनखालची खुर्ची मिळते."

ते गेल्यावर बिडवई सर घसा साफ करून म्हणाले, "मुळजकर, जरा बाहेर या."

बाहेर व्हरांड्यात रांजण होता. सरांनी पाणी घेतले, अर्धे प्याले, अर्धे कुंडीत ओतले.

"तुम्हाला काय वाटतं, मला येत नाही?"

सरांनी एकदा दाराकडे पाहिले.

"तीस आहे. मी एम.एस्सी.ला होतो तेव्हाही तीसच होतं. पेपर हातात आला त्याच दिवशी मला दिसलं. मी घरी मिसेसना सुद्धा सांगितलं, म्हटलं, जावयानं चाळीस लिहून ठेवलंय."

"मग सर—"

"मग काय? तुम्ही एका ठोकळ्यावरची बलं मोजताय. मला या खोलीत किती बलं सांभाळायची आहेत ते कोण मोजणार? वरून अण्णासाहेब, बाजूनं जावई, खालून तुम्ही." त्यांनी फुलपात्र रांजणावर पालथे घातले. "आता आत जाऊन मी मत घेणार. तुम्ही चाळीसला हात वर करायचा. बोलायचं काही नाही. नुसता हात. सोमवारचं मी बघतो. तज्ज्ञ मी आहे."

"आणि ज्या लेकरांनी तीस लिहिलंय त्यांचं?"

"त्यांचे तीन गुण जातील. तुमची तीस वर्षं जातील. हिशेब तुम्हाला चांगला येतो."

त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मी त्यांना धन्यवाद म्हणालो.

आत आलो तर सगळे जागेवर बसले होते. ठोकळा मात्र तसाच होता, पारड्यात वजने घेऊन, काटा ताणून. त्याला कोणी सोडवले नव्हते.

"मुळजकर सरांनी उत्तम प्रयोग दाखवला," बिडवई सर म्हणाले. "मला पटला. कोणाला पटला नाही?"

सगळे नमुना उत्तराचा कागद वाचू लागले.

"म्हणजे सर्वांना पटला. आनंद आहे. आता प्रश्न असा, की नमुना उत्तरात काय ठेवायचं. पटणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. तीस ठेवलं तर पेपर काढणाऱ्यांचा अवमान होतो. चाळीस ठेवलं तर..." ते माझ्याकडे पाहत थांबले, "तर काही होत नाही. म्हणून मी मत घेतो. चाळीस?"

हात वर झाले. पटकन नाही, पण झाले. सरांची नजर माझ्यावर होती. काचगुंडेचीही होती. मला माझा उजवा हात आठवतो. तो टेबलावर होता, पेनाशेजारी. मी त्याच्याकडे असा पाहत होतो, जसा तो दुसऱ्याचा आहे आणि काय करतो ते मलाही बघायचे आहे. वैजयंतीला मी हो म्हणालो होतो, आमच्याकडे प्रयोग खरेच करतात. तो खरेच झाला होता, आत्ता, इथे. हात वर झाला नाही.

"तीस?"

तेव्हा वर झाला. गोरठेकर मॅडमचाही झाला.

"सात विरुद्ध दोन," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटलेले दिसले. दोन मते पडल्याचे नव्हे, ती मते कार्यवृत्तात जाणार याचे. संस्थेत कुठलाही ठराव एकमताने होत असे.

इथे काचगुंडे उभा राहिला. "सर, एक सुचवू का? लहान तोंडी आहे."

"बोला."

"तीसही नको, चाळीसही नको. पस्तीस ठेवू. दोघांचा मान राहतो. आणि पस्तीस हा आकडाच असा आहे की कोणाचं नुकसान होत नाही. पस्तीस म्हणजे पास."

मला वाटले, सगळे हसतील. नऊ भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, त्यांतल्या दोघांकडे सुवर्णपदक होते. कोणी हसले नाही. एकाने कागदावर तीस अधिक चाळीस भागिले दोन करून पाहिले आणि मान डोलावली.

"गणिताच्या दृष्टीनं योग्य आहे," तो म्हणाला.

"तीस पुढे आणि पस्तीस मागे असेल तरी—" मी सुरुवात केली.

"मुळजकर सर," बिडवई सर म्हणाले, "तुम्ही दहा न्यूटनवर भांडत होता. काचगुंडे सरांनी निम्मे तुम्हाला मिळवून दिले. अजून काय करायचं त्यांनी? पस्तीसला कोण?"

आठ हात वर झाले. मी गोरठेकर मॅडमकडे पाहिले. त्यांचा हात खांद्यापर्यंतच होता, पण होता.

"मॅडम, तुम्ही?"

"माझी मुलगी दहावीला आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. "आडगावच्या शाखेत बदली झाली तर तिचं काय करू? तिथं शाळेला छप्पर नाही. आणि तुमचं बरोबर आहे, ते सगळ्यांना कळलंय की. आता उगाच कशाला?"

पस्तीस न्यूटन मंजूर झाले. चहा आला. काचगुंडेने माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "रागावू नको रे मित्रा. मी नसतो बोललो तर चाळीस गेलं असतं. पाच न्यूटन वाचवले मी तुझे."

मग पाकिटे फोडली. मुलांनी बहुतेक सगळ्यांनी चाळीस लिहिले होते, कारण त्यांना तसेच शिकवले होते. माझ्या वर्गातल्या काहींनी तीस लिहिले होते, आकृती काढून, बाण दाखवून. नमुना उत्तर पस्तीस असल्यामुळे दोघांनाही शून्य मिळाले. एका मुलाने, आकडेमोड चुकल्याने, पस्तीस लिहिले होते. त्याला तीनपैकी तीन द्यावे लागले. तेवढ्यावर तो संस्थेत विषयात पहिला आला आणि स्नेहसंमेलनात जावईबापूंच्या हस्ते त्याला शाल मिळाली. माझ्या वर्गातली इंदुमती नावाची मुलगी दोन गुणांनी दुसरी आली. ती पेपर घेऊन माझ्याकडे आली होती.

"सर, माझं कुठं चुकलं?"

"कुठंच नाही."

"मग शून्य कसं?"

मी तिला म्हणालो, बोर्डात बरोबर येईल. मग तिने पेपरची घडी घातली. आकृतीच्या मधोमध घातली.

सोमवारी मी लवकर गेलो. फॅनखालची खुर्ची मिळाली. मुलाखतीत बिडवई सरांनी भौतिकशास्त्रातले काहीच विचारले नाही. गाव कोणते, घरी शेती किती, आणि संघभावनेविषयी आपले मत काय, एवढेच. संघभावनेवर मी काय बोललो ते आठवत नाही. अण्णासाहेब मध्येच म्हणाले, "हा प्रयोगवाला ना?" आणि सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. माझ्यानंतर काचगुंडे आत गेला. तो बराच वेळ आत होता आणि हसत बाहेर आला.

संध्याकाळी मी परतूरला फोन लावला. वैजयंतीच्या वडिलांनी उचलला.

"झाली का मुलाखत?"

"झाली. पण माझं होईल असं वाटत नाही. एका उत्तरावरून जरा..." मी त्यांना ठोकळ्याचे सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ते पोस्टातून निवृत्त झाले होते, त्यांना ऐकायची सवय होती.

"म्हणजे तुमचं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि ऑर्डर नाही."

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "तब्येतीला जपा."

जूनमध्ये मी संभाजीनगरला एका खासगी क्लासमध्ये लागलो आणि तिथेच राहिलो. काचगुंडेलाच ऑर्डर मिळाली असणार असे मी धरून चाललो होतो. पस्तीस न्यूटनचे फळ म्हणून ते मला पटतही होते. त्याच्यावर राग धरण्यात माझी काही वर्षे बरी गेली. मग एकदा बसस्टँडवर तो भेटला. केस पांढरे झालेले, हातात विम्याची बॅग.

"तू कॉलेजात नाहीस?" मी विचारले.

"कुठलं कॉलेज? तुझ्यानंतर एक वर्ष तासिकेवर काढलं. मग हे."

"आणि ती जागा?"

त्याने बॅग खाली ठेवली. "तुला खरंच माहीत नाही? अरे, जागा होती कुठं? ती आपल्या मुलाखतीच्या आधीच्या जूनमध्येच भरली होती. जावयाला आडगावच्या शाखेवर दाखवलं होतं. तो तिकडं एकदाही गेला नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. आपली मुलाखत फाईलला जोडायला घेतली."

"बिडवई सरांना माहीत होतं?"

"जूनच्या मुलाखतीला तज्ज्ञ कोण होते असं वाटतं तुला?"

त्याची बस लागली. खिडकीतून त्याने हात केला, मीही केला.

संस्थेची नियमावली नंतर मी कोणाकडून तरी मागवून पाहिली. जावयांनी काढला तसा पूर्वपरीक्षेचा पेपर काढण्याचा अधिकार फक्त कायम शिक्षकाला होता.